स्पष्ट चित्र की स्पष्ट हालचाल? एचडी खेळप्रक्षेपणाचा इतिहास

दूरचित्रवाणीवर आज चेंडूची शिवण दिसते, याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु थांबलेला चेंडू स्पष्ट दाखवणे आणि धावणारा चेंडू स्पष्ट दाखवणे, ही दोन निराळी कामे आहेत. अनेक दशके अभियंते याच पेचात सापडले होते. आजचा थ्रेड त्याविषयी.

सुरुवात जपानची. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने उद्याच्या दूरचित्रवाणीवर संशोधन आरंभले. तेव्हा तेथील चित्र ५२५ रेषांचे असे. एनएचकेने ते ११२५ रेषांवर नेले. हीच पुढे ‘हाय-व्हिजन’ म्हणून ओळखली गेलेली पद्धत.

पण एवढे चित्र उपग्रहाच्या एका वाहिनीत मावेना. त्यावर ‘म्यूझ’ नावाची युक्ती निघाली: चित्राचे सारे बिंदू एकदम न धाडता चार हप्त्यांत धाडायचे आणि संचाने ते जुळवून घ्यायचे. दृश्य स्थिर असेल तर चित्र अप्रतिम. मात्र कॅमेरा वळला किंवा खेळाडू धावला, की हप्ते एकमेकांशी जुळेनात आणि तपशील विरघळून जाई. १९८८ चे सोल ऑलिंपिक जपानमध्ये सार्वजनिक ठिकाणी हाय-व्हिजनवर दाखवले गेले. जाहिरातीसाठी निवडलेला विषयच पद्धतीचे वर्म उघडे पाडणारा होता, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

१९९० च्या फुटबॉल विश्वचषकात इटलीच्या राय या संस्थेने टेलेट्रा कंपनीच्या साहाय्याने वेगळी वाट धरली. संदेश डिजिटल पद्धतीने आकसून उपग्रहामार्फत पाठवला गेला आणि निवडक ठिकाणी प्रेक्षकांनी सामने पाहिले. त्याच वर्षी अमेरिकेतही पूर्णतः डिजिटल एचडीचा प्रस्ताव पुढे आला. म्यूझचे दिवस भरत आले होते.

तरीही मूळ पेच सुटला नाही. तो अमेरिकेत नव्या रूपात उभा राहिला. तेथील १९९६ च्या मानकाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. १०८०आय मध्ये रेषा अधिक, पण आधी विषम आणि मग सम अशा दोन खेपांत. या दोन खेपांच्या मधल्या क्षणात चेंडू पुढे सरकतो आणि त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात. ७२०पी मध्ये रेषा कमी, पण सेकंदाला ६० पूर्ण चित्रे. हिशेब पाहा: पहिल्यात सेकंदाला सुमारे ६.२ कोटी बिंदू, दुसऱ्यात सुमारे ५.५ कोटी. ओझे जवळजवळ सारखेच. प्रश्न ते कशावर खर्च करायचे, एवढाच.

सीबीएस आणि एनबीसी यांनी १०८०आय निवडले. एबीसीने ७२०पी घेतले; २००३ मध्ये सुरू झालेल्या ईएसपीएन एचडीने आणि २००४ मध्ये फॉक्सनेही तेच केले. खेळांच्या वाहिनीने कमी रेषा पत्कराव्यात, हे वरवर विपरीत दिसते. वेगवान खेळासाठी ते शहाणपणाचे होते. दुकानात मात्र १०८० हा आकडा ७२० पेक्षा मोठा, आणि गिऱ्हाईक आकडा पाहते!

(आपल्याकडेही दूरदर्शनचे एचडी अवतरले ते खेळाचेच बोट धरून: २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी.)

२०१२ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अतिउच्च स्पष्टतेचे, म्हणजे यूएचडीचे, मानक जाहीर केले. त्यात सेकंदाला १२० चित्रांपर्यंतची सोय आहे. विषम-सम खेपांची पद्धत त्यात घेतलेलीच नाही.