फर्दापूरची छावणी

परदेशी जाऊन विनावेतन सेवा करावी, भिन्न धर्माच्या व भिन्न भाषेच्या माणसांसह एकत्र राहावे आणि त्यातून राष्ट्राराष्ट्रांत स्नेह वाढवावा, ही कल्पना अगदी अलीकडची आहे असा समज आहे. परंतु औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या जिल्ह्यात अजिंठ्याच्या घाटाखाली असलेल्या फर्दापूर गावी तिचा एक प्रयोग १९०९ ते १९११ या काळातच होऊन गेला.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे दैव विलक्षण. मेजर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह नव्या नकला केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ साली लंडनमध्येच भस्मसात झाल्या. इकडे मूळ चित्रे तर दिवसेंदिवस झडत चाललेली. ही स्थिती पाहून क्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्त्रीने तिसऱ्यांदा ते काम अंगावर घेतले. तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. मोबदल्याची अपेक्षा नव्हती. उलट खर्चाचा भार त्यांनी स्वतःच सोसला. निजाम सरकारने साहाय्य दिले.

छावणीत कोण होते, ते पाहण्यासारखे आहे. अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरकडील वेंकटप्पा. हैदराबादचे सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन. आणि इंग्लंडहून आलेल्या डोरोथी लार्चर. हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती अशी ही मंडळी बौद्ध भिक्षूंच्या विहारांत अंधुक उजेडात शेजारी शेजारी बसून एकाच भिंतीच्या रेषा गिरवीत होती. बंगाली चित्रकारांना येथे धाडण्यात भगिनी निवेदितांचा आग्रह होता. त्या स्वतः आयर्लंडमध्ये जन्मून भारताच्या सेवेला वाहून घेतलेल्या. १९०९ च्या डिसेंबरात त्या जगदीशचंद्र बोस दांपत्यासह येथे येऊनही गेल्या.

आणि तो डिसेंबर कसा होता? वंगभंगाची जखम ओली होती. औरंगाबादेत चित्रकला शिकणारे अनंत कान्हेरे त्याच महिन्यात नाशिकला गेले आणि बाबाराव सावरकरांना झालेल्या शिक्षेचा सूड म्हणून २१ डिसेंबर रोजी त्यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी होते; परंतु त्यांची विद्या त्यांना सत्तेपासून वेगळे करू शकली नाही. कान्हेरे १९ एप्रिल १९१० रोजी फासावर गेले. एकाच प्रांतात, एकाच हिवाळ्यात, चित्रकलेचेच दोन उपासक अशा दोन वाटांनी गेले. फर्दापूरच्या छावणीने पारतंत्र्याचा प्रश्न सोडविला नाही, आणि तसा आव आणणेही अयोग्य ठरेल. १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने नकलांचा ग्रंथ काढला, त्याच्या मुखपृष्ठावर हेरिंगहॅम यांचे नाव आले. भारतीय चित्रकार मात्र तेथे निव्वळ ‘साहाय्यक’ ठरले.

तथापि जे उरले ते मोलाचे होते. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचेच रक्षक झाले. लार्चर अनेक वर्षे भारतात राहून येथील कापडावरील ठसेछपाई शिकल्या. नंदलालांनी अजिंठ्याची रेषा शांतिनिकेतनात नेली आणि अखेर स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेची मूळ प्रत त्यांच्याच देखरेखीखाली सजली.

स्वतः हेरिंगहॅम यांना मात्र याचे सुख लाभले नाही. १९११ साली मायदेशी परतल्यावर त्यांचे चित्त भ्रमिष्ट झाले आणि १९२९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे उर्वरित आयुष्य रुग्णालयांतच गेले. सेवेचे फळ सेवकाच्याच हाती पडते असे नाही. ते पुष्कळदा शेजारी बसून काम केलेल्या माणसाच्या हाती पडते, आणि त्याच्याकडून पुढच्या पिढीला मिळते.