चतुर्थी झाली की बघू

या घटनाक्रमातला कारागीर कल्पित आहे. कॅरोटिड धमनीच्या आजाराची चाल मात्र खरी आहे आणि ती अशी असू शकते.

बुधवार, सकाळी 11.20. पेण.
गणेशचतुर्थीला 9 दिवस उरले आहेत. कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी सुरू आहे. आखणी करणाऱ्याचे वय 61. रोह्याला घर, हंगामात रोजची ये-जा. तंबाखू 30 वर्षांची. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यापूर्वी संपल्या, पुन्हा आणल्या नाहीत.

अचानक डाव्या डोळ्यावर वरून खाली काळा पडदा उतरतो. दुखत काहीच नाही.

11.24.
पडदा जातो. मोतीबिंदू असेल, असे म्हणून तो ब्रश उचलतो.

कॅरोटिड म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी. डावीकडे एक, उजवीकडे एक. जबड्याच्या थोडे खाली तिला दोन फाटे फुटतात आणि चरबी-चुन्याचा थर बहुधा तिथेच साचतो. डोळ्याला रक्त देणारी बारीक शाखा आतल्या फाट्यातून निघते. थराचा कण त्या शाखेत अडकला की डोळ्यापुढे अंधार होतो, कण विरघळला की दिसू लागते. धमनीतला थर जागेवरच राहतो.

दुपारी 4.10.
उजव्या हातातून ब्रश गळतो. उचलायला जातो तर बोटे मिटत नाहीत. "रंग दे" म्हणायचे असते, तोंडातून भलतेच शब्द येतात.

हाताखालचा मुलगा म्हणतो, "काका, डॉक्टरकडे जाऊ या."

4.20.
हात चालतो, जीभ वळते. "चतुर्थी झाली की बघू," काका म्हणतात. साखरेचा चहा येतो.

सगळ्या घटनाक्रमातली सर्वांत महत्त्वाची दहा मिनिटे हीच. याला पक्षाघाताचा क्षणिक झटका म्हणतात. त्यानंतरचे 48 तास सर्वाधिक धोक्याचे असतात. मानेची डॉप्लर सोनोग्राफी साधारण अर्ध्या तासात होते, सुई लागत नाही. धमनी 70 टक्क्यांहून जास्त अरुंद असेल आणि असा इशारा येऊन गेला असेल, तर थर काढण्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करतात. उत्तर अमेरिकेतल्या 1991 च्या मोठ्या चाचणीत अशा रुग्णांपैकी फक्त औषधांवर असलेल्या 26 टक्के जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होते.

संध्याकाळी 6.15.
पेणहून एसटी. वडखळ, नागोठणे, रोहा.

रात्री 8.30.
जेवताना तो बायकोला सांगतो, हाताला मुंग्या आल्या होत्या. "अहो, दिवसभर ब्रश धरता, येणारच," ती म्हणते आणि तेल कोमट करून हात चोळून देते. डोळ्याचे तो सांगत नाही.

9.40.
दिवा मालवतो. धड बोलताना तो शेवटचा दिसतो, तो या वेळी.

वेळ अज्ञात.
थरावर रक्ताची गुठळी धरते, सुटते आणि मेंदूच्या डाव्या भागाची वाट अडवते. मोठी धमनी अशी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. माणूस झोपलेला आहे.

गुरुवार, पहाटे 2.10.
गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे असते आणि झटका कधी आला ते ठाऊक नसेल, तर रुग्ण शेवटचा धड दिसला तेव्हापासून वेळ धरतात. ती मुदत आता संपली. घरात कुणी जागे नाही.

सकाळी 5.50.
बायको हाक मारते. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडे, शब्द नाही.

6.05.
शेजारी जमतात. "अंगावरून वारं गेलंय." मालिश सुरू होते. कुणी चमच्याने पाणी पाजते. गिळता येत नसताना पाजलेले पाणी फुफ्फुसात जाऊ शकते, हे तिथे कुणाला माहीत नाही. कुठल्या वैद्याकडे न्यायचे यावर चर्चा होते.

6.50.
108 ला फोन. पंचेचाळीस मिनिटे गेली.

7.20.
रोह्यातल्या रुग्णालयात रक्तदाब आणि साखर तपासली जाते. पनवेलला हलवायचे ठरते. अंतर पाऊणशे किलोमीटर.

9.35. पनवेल.
सीटी स्कॅन. डॉक्टर विचारतात, "धड बोलताना शेवटचं कधी पाहिलं?"

"काल रात्री नऊ चाळीसला."

11 तास 55 मिनिटे. निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी 24 तासांपर्यंत काढता येते, पण त्यासाठी वाचवण्याजोगा मेंदू उरलेला असावा लागतो. इथे डाव्या बाजूचा मोठा भाग काळवंडलेला दिसतो.

11.15.
मानेची डॉप्लर होते. डावी कॅरोटिड 80 टक्के बंद.

हीच तपासणी बुधवारी दुपारी होऊ शकत होती. एका डोळ्यापुढे अंधार, एका बाजूच्या हातापायातले बळ जाणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे: यातले काहीही झाले, तर ते पाच मिनिटांत थांबले तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. थांबले नाही, तर लगेच 108 ला फोन करा आणि घड्याळात वेळ बघून ठेवा.