हस्तिनापूर, पुराच्या आधी आणि नंतर

आधी इ.स.पू. ३१०२मध्ये उतरा. परंपरेनुसार कलियुग याच वर्षी लागलं आणि भारतीय युद्ध त्याच्या ३६ वर्षं आधी झालं, म्हणजे युधिष्ठिराचं राज्य आत्ताच आटोपलेलं असायला हवं. जागा बरोबर आहे: आजच्या मेरठ जिल्ह्यातला गंगेचा जुना काठ. पण राजवाडा शोधत फिरू नका. इथल्या टेकाडाच्या पोटात त्या काळच्या नगराचा मागमूस लागलेला नाही.

तेव्हा दोन हजारांहून अधिक वर्षं पुढे या. इ.स.पू. ९००च्या आसपास इथे धूर आहे, गुरं आहेत, माणसं आहेत. रविवारी सकाळी दूरदर्शनवरच्या ‘महाभारता’त पाहिलेले खांब आणि सिंहासनं डोक्यातून काढून टाका आणि एका घरात शिरा. भिंती कुडाच्या, वरून चिखलाचा गिलावा. कोकणात आजोळ असेल तर हे घर तुम्हाला परकं वाटणार नाही. शेजारी कच्च्या विटांची भिंत आहे. भाजक्या विटांची इमारत मात्र कुठेच नाही. चुलीवर भात शिजतोय. बाजूला टाकलेल्या हाडांत गुरांची हाडं आहेत आणि काहींवर सुरीचे वार स्पष्ट दिसतात. इथे कुणाच्या कपाळाला आठी पडेल, पण उत्खननाच्या अहवालात हे नोंदलेलं आहे. घोड्याची हाडंही सापडली. रथांच्या कथेला तेवढाच आधार!

तुमच्या पुढ्यात थाळी येते. ती हातात घेऊन नीट पाहा, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरूनच होणार आहे. चाकावर घडवलेली, पातळ, गुळगुळीत. भट्टीत हवा कोंडून भाजल्यामुळे तांबडी न होता करडी झालेली. त्यावर काळ्या रेघा, ठिपके, वर्तुळं. घर मातीचं आणि ताटात एवढी नजाकत! कुरूंचं वैभव मला कुठे पटलं असेल, तर ते या थाळीत.

थोडं आणखी पुढे सरका. नदीचा रंग बदललाय. पाणी काठ कुरतडतं, वस्तीचा मोठा तुकडा ढासळतो, लोक गुरं सोडून पळतात. तुम्हीही पळा.

थांबा ते थेट १९५०मध्ये. त्याच टेकाडावर पुरातत्त्वज्ञ ब्रजबासी लाल खणायला लागलेत. १९५२पर्यंत ते इथे असतील. त्यांच्या चरात करड्या चित्रित भांड्यांच्या थरावर पाण्याने खरवडल्याच्या खुणा आहेत. नदीच्या जुन्या पात्रात भोक पाडल्यावर खोलवर वाहून गेलेल्या वस्तीची माती लागते. पुराणं सांगतात की गंगेने हस्तिनापूर वाहून नेलं आणि जनमेजयानंतर काही पिढ्यांनी राजा निचक्षू राजधानी कौशांबीला घेऊन गेला. पोथी आणि माती एकच गोष्ट सांगतायत, असं लालांना वाटतं. त्या चराच्या काठावर उभं राहिल्यावर तुम्हालाही ते वाटेल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मात्र पूर खरा ठरला म्हणून द्यूत खरं ठरत नाही. गंगाकाठी पूर काही एकदाच आला नव्हता. तशा करड्या थाळ्या पुढे उत्तर भारतात शेकडो ठिकाणी निघाल्या, महाभारताने ज्यांचं नावही घेतलेलं नाही अशा गावांतसुद्धा. शिवाय महाभारताची पोथीही एका दिवसात उतरलेली नाही; शतकानुशतकं तिच्यात भर पडत गेली. पुण्यात भांडारकर संस्थेने तिची हस्तलिखितं ताडून पाहायला घेतली ती १९१९मध्ये. चिकित्सक आवृत्ती पुरी व्हायला १९६६ उजाडलं. इतक्या शतकांच्या भरीखाली एखादं लहान, खरं भांडण असेलही. भावकीच्या जमिनीवरून लढायला राजवाडा लागत नाही, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये या मंडळींना माणसांच्या मापात आणून वाचलं, ती मापं या कुडाच्या घरांत सहज मावतात.

एक सोय मात्र तुमच्याकडे आहे, लालांकडे नव्हती. परत त्या पुरात जा, यमुनेकाठच्या कौशांबीकडे निघालेल्यांपैकी कुणालाही गाठा आणि राजाचं नाव विचारा. लालांना खापरांवर ते शोधून मिळालं नसतं: गंगेच्या या प्रदेशात आपल्याला वाचता येणारे लेख सुरू होतात ते इ.स.पू. तिसऱ्या शतकात, अशोकाच्या काळी.