मेजर सप्तकातील मायनर स्वरसंघात

पाश्चात्त्य संगीतातील गीतरचनेचे एक तंत्र. तीन वा अधिक स्वर एकाच वेळी वाजविले म्हणजे स्वरसंघात किंवा कॉर्ड होतो. सा–ग–प हे शुद्ध स्वर एकत्र आल्यास मेजर, तर त्यांतील गंधार कोमल केल्यास मायनर स्वरसंघात सिद्ध होतो. मेजर आनंदी व मायनर विषण्ण ही समजूत जुनी आहे; इटालियन संगीतशास्त्रज्ञ जोझेफ्फो झार्लीनो ह्याने १५५८ मधील ग्रंथात असा भेद केला होता. तथापि गीतरचनेचा इतिहास पाहता, मायनर स्वरसंघाताचा परिणाम तो कोठून येतो व कोठे जातो ह्यावर अधिक अवलंबून असल्याचे दिसते.

मेजर सप्तकाच्या शुद्ध स्वरांतूनच रे–म–ध, ग–प–नि व ध–सा–ग हे तीन मायनर स्वरसंघात निष्पन्न होतात. ते घरचेच असल्यामुळे सहसा कानाला खटकत नाहीत. ध–सा–ग ह्याचे तर दोन स्वर षड्जाच्या स्वरसंघातातलेच असतात. षड्ज, धैवत, मध्यम व पंचम ह्यांवरील स्वरसंघातांचा क्रम अमेरिकन लोकप्रिय गीतांत फार रूढ होता, उदा., ‘अर्थ एंजल’ (१९५४) व ‘स्टँड बाय मी’ (१९६१). ह्या क्रमात दुसरा स्वरसंघात मायनर असूनही दुसरे गीत दुःखी वाटत नाही.

बाहेरून आणलेल्या मायनर स्वरसंघाताची गोष्ट निराळी. मध्यमावरील म–ध–सा ह्यातील धैवत कोमल केला, की एका अर्धस्वराने सारा रंग पालटतो. हा कोमल धैवत पंचमाकडे ओढ घेत असल्याने शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम अशी उतरती ओळ आपोआप तयार होते आणि षड्जाच्या स्वरसंघातावरील परतणे अधिक हळवे वाटते. जर्मन संगीतशास्त्रज्ञ मोरित्स हाउप्टमान ह्याने १८५३ मध्ये केवळ धैवत कोमल असलेल्या अशा मेजर सप्तकाची स्वतंत्र दखल घेतली. हेच स्वर हिंदुस्थानी संगीतातील नटभैरव रागात व कर्नाटक संगीतातील सरसांगी मेळात आहेत. मात्र तेथे ते एकापाठोपाठ येतात, स्वरसंघात म्हणून नव्हे.

मेजर–मायनर ह्यांची अशी सरमिसळ शूबर्टच्या रचनांत विपुल आहे. त्याच्या जी मेजरमधील तंतुवाद्य-चतुष्काचा (१८२६) प्रारंभीचा मेजर स्वरसंघात थेट मायनर होतो. कोल पोर्टरच्या ‘एव्हरी टाइम वुई से गुडबाय’ (१९४४) ह्या गीतात मेजरकडून मायनरकडे होणाऱ्या बदलाचा शब्दांत उल्लेख येतो, त्याच ठिकाणी मध्यमावरील स्वरसंघात मेजरचा मायनर होतो. बीटल्सच्या ‘नोव्हेअर मॅन’ व ‘इन माय लाइफ’ (दोन्ही १९६५) ह्या गीतांतही हीच युक्ती आहे, तर ‘फ्रॉम मी टू यू’ (१९६३) ह्याच्या मधल्या भागात पंचमावरील स्वरसंघात मायनर होतो. विल्यम मान ह्या समीक्षकाने द टाइम्समध्ये २७ डिसेंबर १९६३ रोजी बीटल्सच्या स्वरयोजनेची गंभीरपणे चर्चा केली. ‘नॉट अ सेकंड टाइम’ ह्या गीताचा मायनर स्वरसंघातावरील शेवट त्याने मालरच्या एका रचनेच्या शेवटाशी ताडून पाहिला. मालरची रचना सा–ग–प–ध अशा मेजर स्वरसंघातावर संपत असल्यामुळे ही तुलना फारशी नेमकी नाही. परंतु लोकप्रिय गीतांकडे असे पाहता येते, हे त्या लेखाने दाखविले.

रेडिओहेड ह्या इंग्लिश वाद्यवृंदाचे ‘क्रीप’ (१९९२) हे गीत चारच स्वरसंघातांच्या आवर्तनावर उभे आहे. त्यांतील शेवटचे दोन मध्यमावरील मेजर व मायनर होत. ‘द एअर दॅट आय ब्रीद’ (१९७२) ह्या गीताशी साम्य आढळल्यावरून त्याचे रचनाकार ॲल्बर्ट हॅमंड व माइक हेझलवुड ह्यांना ‘क्रीप’चे सहरचनाकार म्हणून श्रेय देण्यात आले. मध्यमावरील हा बदल मात्र दोन्ही गीतांहून कितीतरी जुना असून तो कोणा एकाच्या मालकीचा म्हणणे कठीण आहे. पुढे लॅना डेल रे हिच्या ‘गेट फ्री’ (२०१७) ह्या गीतात ‘क्रीप’च्या सर्व रचनाकारांना श्रेय मिळावे, अशी मागणी रेडिओहेडच्या प्रकाशनसंस्थेने केल्याचे जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाले.