वेशीबाहेर सरकणारा बाजार

नगरचा बाजार शिवारातून उगवला असे म्हणावे तर पंचाईत होते. शहराभोवतीची जमीन पर्जन्यछायेतली. सीना नदी जामगाव-जेऊरच्या बाजूला, म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर उगम पावते, त्यामुळे नागापूरपाशी तिला नदीपण फारसे आलेलेच नसते. मनमाड रस्त्यावरच्या पुलावरून एरवी खाली बघावे, तर पाण्यापेक्षा झाडोराच जास्त. ऊस, फळबागा, पाटाचे पाणी हे सगळे उत्तरेला, प्रवरा-मुळेच्या काठी. तरीही ज्वारी, मूग, चिंच, कांदा येऊन पडतो तो नगरला. त्याचे कारण मातीत शोधण्यापेक्षा रस्त्यांत शोधावे. ही पेठ पहिल्यापासून वाटेवरची. वाटेवरचे वाहन बदलले की पेठही बूड हलवून नव्या जागी जाऊन बसते, आणि प्रत्येक वेळी जुन्या वेशीच्या थोडी बाहेर.

जागेची निवडही पिकासाठी झालेली नव्हती. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने बहमनी फौजेला धूळ चारली, तिथे बाग निजाम उभी केली आणि १४९४ पासून तिच्या शेजारी शहर वसवायला घेतले. त्याची जुनी गादी जुन्नरला आणि डोळा दौलताबादवर. नगर साधारण या दोहोंच्या मध्ये. दौलताबादचा किल्ला सरळ हल्ल्याने पडणारा नव्हता, म्हणून त्याने दुसरा उपाय काढला. पिके कापणीला आली की फौज पाठवायची आणि किल्ल्याभोवतीचा मुलूख उजाड करून टाकायचा. वर्षामागून वर्षे सुग्या बुडाल्या आणि १४९९ मध्ये किल्ला हाती आला. दुसऱ्याच्या सुगीवर धाड घालायला सोयीचा म्हणून निवडलेला हा तळ पुढे सुगीचीच पेठ झाला. नियतीला विनोदबुद्धी असते, ती अशी.

शहर झपाट्याने वाढले. दोन-तीन वर्षांत ते बगदाद-कैरोच्या तोडीचे झाले, असे तवारिखांत लिहिले आहे. दरबारी लेखणीची सूट वजा केली तरी बरेच उरते. खरी करामत पाण्याची. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी शहरातल्या हौदांत आणले होते. पेठेच्या दृष्टीने हे हौद तटबंदीपेक्षा मोलाचे, कारण माल जनावराच्या पाठीवरून येई आणि जनावर मुक्कामाला पाणी मागते. माळीवाडा, दिल्लीगेट, नालेगाव, नेप्ती, मंगळगेट, झेंडीगेट ही दरवाजांची नावे आज बसथांब्यांची आणि पत्त्यांची नावे झाली आहेत, पण त्या काळी जकात तिथेच द्यावी लागे.

बैलांच्या काळात मालाची ने-आण लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांकडे होती. धान्य एका दिशेने, मीठ दुसऱ्या दिशेने. रस्ते बरे झाले तशा गाड्या आल्या, आणि गाड्यांबरोबर हुंडेकरी. माळव्या-खानदेशाकडून मालेगाव, येवला, कोपरगाव, राहुरी करत पुण्याकडे उतरणाऱ्या वाटेवर या माणसाशिवाय व्यापाऱ्याचे पान हलत नसे. हुंडेकऱ्याने माल उचलायचा, वाटेतली सगळी जकात-पट्टी आपण भरायची, ठरल्या ठिकाणी पोचवायचे, आणि व्यापाऱ्याकडून उक्ती एकच रक्कम घ्यायची. नाक्यानाक्यावर हुज्जत घालण्याचे काम त्याचे. आजचा ट्रान्सपोर्टवाला भाड्यात टोल आणि चहापाणी धरून आकडा सांगतो, तो याच घराण्यातला. हुंडेकरी हे आडनाव नगरमध्ये अजून आहे. धंदा गेला तरी पाटी राहते, तसे.

या काळातला बाजार पूर्ण गावाच्या पोटात होता. कापडबाजार, डाळमंडई, आडतेबाजार, गंजबाजार ही नावे ऐकली तरी कोणत्या गल्लीत काय उतरत होते ते कळते. गल्ल्या गाडीच्या मापाच्या, त्याहून मोठ्या वाहनाचा विचारच कुणी केलेला नव्हता. १८५४ मध्ये नगरपालिका आली, पण रस्त्यांची रुंदी दुकानांच्या ओट्यांनी आधीच ठरवून टाकली होती.

१८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ, १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. रेल्वेने नगरला काय दिले हे सगळे सांगतात, काय नेले ते कमी सांगितले जाते. दूरचा माल आता नगरात न उतरता डब्यात बसून थेट पुढे जाऊ लागला. मुक्काम गेला, मुक्कामाबरोबर हुंडेकऱ्याचा धंदा गेला. उरला तो आसपासच्या तालुक्यांचा माल, आणि त्यासाठी वखारी हव्या होत्या स्टेशनच्या दिशेला. स्टेशन झाले माळीवाड्याच्या बाहेर, गावापासून लांब. पुढे मार्केट यार्ड वसले तेही त्याच बाजूला. गावाच्या पोटातला बाजार वेशीबाहेर पडला, तो असा.

पण बाजाराची जागा बदलली म्हणून सौद्याची रीत बदलत नाही. ती बदलायला बराच अवधी लागला, आणि या कुळकथेतला मला सगळ्यात भावणारा भाग तोच आहे.

जुना सौदा रुमालाखाली व्हायचा. आडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालत. बोटे, पेरे, मूठ यांच्या दाबण्यावर भाव ठरे. चेहऱ्यावर माशी हलत नसे. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला, ज्याच्या घामाचा माल, त्याला शेवटी फक्त आकडा कळे. तो कसा आला, दुसरा कुणी किती द्यायला तयार होता, हे कळायला वाव नव्हता. वर कडता, नमुन्याला काढलेले पसाभर धान्य, हमाली, तोलाई, धर्मादाय, पांजरपोळ अशी कापाकापी. आणि बोलायची चोरी, कारण बी-बियाण्याला उचल त्याच आडत्याकडून घेतलेली. देणेकरी माणसाने भावात घासाघीस कोणत्या तोंडाने करायची? १८७५ मध्ये भीमथडीतल्या सुप्याला दंगा पेटला आणि पारनेर, श्रीगोंदा या नगरकडच्या तालुक्यांत पसरला. तेव्हा लोकांनी दुकानांतल्या मालापेक्षा खतपत्रांवर हात टाकला, तो काही उगाच नाही. माल तोलणारा आणि कर्ज मांडणारा हात एकच होता.

कायद्याला मात्र आधी कापूस दिसला, धान्य नंतर. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये तिकडे कापूस आणि धान्यबाजारांचा कायदा आला. मँचेस्टरला चांगली रुई हवी होती, हे त्यामागचे उघड गुपित. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने बाजारातल्या खोट्या मापांची आणि मनमानी कपातीची दखल घेतली. मुंबई प्रांताचा शेतमाल बाजाराचा कायदा १९३९ चा, आणि आजच्या बाजार समित्या ज्यावर चालतात तो महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. त्यांतली एकच गोष्ट खरी क्रांतिकारक होती: भाव तोंडाने, मोठ्याने, सगळ्यांसमोर बोलायचा. रुमाल काढा, एवढाच त्याचा अर्थ. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या पाठीलाही कागदावर जागा मिळाली.

मार्केट यार्ड तरी किती दिवस पुरणार? ट्रक आले, मग ट्रकला दहा चाके आली. कांदा गावरान असो की लाल, तो एका दिवशी लाखभर गोण्यांनी उतरू लागला तेव्हा स्टेशन रस्ता तुंबायचा. मग कांदा गेला नेप्तीला, कल्याण रस्त्यावर, बाह्यवळणाच्या अंगाला. ज्या नेप्तीचे नाव एका जुन्या दरवाजाला होते, त्या नेप्तीच्या वाटेवर आता उपबाजार आहे. उत्तरेला नागापूरला औद्योगिक वसाहत, पश्चिमेला नेप्तीला कांदा, मध्ये जुनी पेठ साड्या आणि सोने विकते. सरकारी कागदावर शहर २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. गोणीवाले अजून ‘नगरला चाललो’ म्हणतात.

नेप्तीचा लिलाव एकदा उभे राहून बघण्यासारखा आहे. लासलगावकडे कांदा ट्रॉलीत मोकळा येतो आणि ट्रॉलीवर चढून बोली लागते. नगरला तो गोणीत येतो. एकाच शेतकऱ्याच्या, एकाच प्रतीच्या गोण्यांची थप्पी म्हणजे एक वक्कल. त्यातली गोणी फोडून कांदा पुढ्यात ओततात. खरेदीदार वाकून दोन कांदे उचलतो, मान अंगठ्याने दाबतो. मान बारीक आणि घट्ट असेल तर माल टिकणार, मऊ लागली तर आठवड्यात कोंब. मग पत्ती बघायची. डबल पत्तीचा कांदा लांबच्या प्रवासाला चालतो. हे सगळे होईपर्यंत आडत्याचा माणूस आकडा बोलून मोकळा झालेला असतो. घोळका थांबत नाही. बोली वर सरकते, तुटते, चिठ्ठी फाटते, घोळका पुढच्या वक्कलावर. ज्या मालाला शेतकऱ्याने चार महिने दिले त्याचा निकाल बिडी विझायच्या आत लागतो. एखाद्या वक्कलाला चढा भाव मिळतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तोच छापून येतो. उरलेल्या बारक्या गोल्टीचे आणि जोड कांद्याचे काय झाले ते बातमीत नसते.

उघड्या बोलीने सगळे प्रश्न सुटले असा माझा दावा नाही. खरेदीदार आपसात आधीच बोलून आले असतील, तर मोठ्याने बोललेला भावही रुमालाखालचाच असतो. आणि काही वेळा बोली नगरात ठरतच नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा भाव पडला तो दिल्लीच्या एका अधिसूचनेने. बंदी ४ मे २०२४ ला उठली, तोवर ज्यांच्याकडे कांदा साठवायची चाळ नव्हती त्यांचा माल हातातून गेला होता.

सौदा झाल्यावर हातात येते ती पट्टी. आताच्या पट्टीवर वजन, भाव आणि त्याखाली खर्चाच्या ओळी असतात. धर्मादाय आणि पांजरपोळ त्यातून गेले. २०१६ च्या बदलानंतर फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची आहे. त्यामुळे जाणता शेतकरी निव्वळ रकमेकडे नंतर बघतो. आधी त्याचे बोट हमाली, तोलाई या ओळींवरून खाली सरकते आणि तिथे आडतीची ओळ कुणी वेगळ्या नावाने घुसवलेली नाही ना, हे तो पाहून घेतो. गाडीभाडे त्याने स्वतःच्या डोक्यात केव्हाच वजा केलेले असते.

रुमाल मात्र गेलेला नाही. गुरांच्या बाजारांत तो अजून आहे. काष्टीला शनिवारी जा. खिलारी जोडीच्या शिंगांवर हिंगूळ, मालक एका बाजूला, गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला, मध्ये दलाल, आणि उपरण्याखाली तेच हात. बैलाच्या सौद्यात भाव कानोकानी झाला तर उरलेल्या जोड्यांचे मोल ढासळते, असे तिथले दलाल सांगतात. त्यात तथ्य आहेच. दलालीही त्यातूनच निघते, हे ते सांगत नाहीत.