गर्भस्थाचा हक्क : पुरंदर ते महाड

महाड-पोलादपूर भागांतील कागद चाळणारे संग्राहक बहुधा नाना फडणिसांच्या १७९६ मधील महाडच्या मुक्कामाचा माग काढीत असतात. त्या कारस्थानाचें मूळ मात्र बावीस वर्षें मागें, एका न जन्मलेल्या मुलाच्या हक्कांत आहे, असें आमचें मत आहे. गर्भपाताच्या कायद्याविषयीं सांप्रत वाद चालला असतां ‘धर्मशास्त्रानें गर्भास हक्क दिलाच होता’ असें कोणी सहज बोलून जातो. म्हणून हें टिपण.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा खून झाला, तेव्हां त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. रघुनाथरावांनीं पेशवाईचीं वस्त्रें घेतलीं. तथापि बारभाईंनीं जानेवारी १७७४ मध्यें बाईंस पुरंदरावर नेऊन त्यांच्या नांवें कारभार चालविला. वस्त्रें घेतलेला पेशवा बाहेर, आणि धनी उदरांत! १८ एप्रिलास पुत्र झाला. त्या सवाई माधवरावांस २८ मे रोजीं, चाळीस दिवसांचे असतां, वस्त्रें मिळालीं.

यास शास्त्राधार काय? गर्भ स्पष्ट दिसत असल्यास वांटणी प्रसूतीपर्यंत थांबवावी, असें मिताक्षरेंत विज्ञानेश्वर सांगतात. पण हा दायाचा नियम. भ्रूणहत्येचें पातक हें प्रकरण निराळें. दोहोंची गल्लत करूं नये. शिवाय हा दाय पुत्राचा, तोहि जिवंत जन्मला तर. कन्या झाली असती तर? त्या भयानें इतर गरोदर ब्राह्मण स्त्रिया गडावर ठेविल्या होत्या, अशी वार्ता ग्रँट डफनें १८२६ च्या इतिहासांत दिली आहे. ती निव्वळ कंडी असली, तरी ती पिकविणारास शास्त्र पक्कें ठाऊक होतें.

१९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें गर्भस्थ कन्येसहि वारसा दिला. जिवंत जन्माची अट तेवढी राहिली. १९७१ चा गर्भपाताचा कायदा सज्ञान स्त्रीची संमति आवश्यक मानतो. २०२१ मध्यें कांहीं वर्गांतील स्त्रियांस चोवीस आठवड्यांपर्यंत मुदत मिळाली. ऑक्टोबर २०२३ मध्यें सव्वीस आठवडे उलटलेल्या एका विवाहितेची विनंती सर्वोच्च न्यायालयानें अमान्य केली.

गंगाबाईंस मात्र कोणी विचारलें? त्या १७७७ मध्यें वारल्या. गर्भ लपविण्यासाठीं घेतलेल्या औषधानें वारल्या, हा प्रवाद छापील ग्रंथांत आला आहे; समकालीन पत्र दाखविल्यावांचून आम्ही तो मानणार नाहीं. विधवेवर असा आळ घेणें फार सोपें.

१७९५ मध्यें सवाई माधवराव निपुत्रिक वारले. या खेपेस वाट पाहावी असा गर्भ नव्हता. यशोदाबाईंच्या मांडीवर चिमाजी आप्पांस दत्तक दिलें, तें पुढें रद्द ठरलें. आणि महाडांत बसून नानांनीं जें जुळविलें, त्यानें गादीवर आले बाजीराव, म्हणजे ज्यांस त्या गर्भानें अडविलें त्या रघुनाथरावांचेच पुत्र.

महाड-पोलादपुरांतील कोणा घराण्याच्या दप्तरांत खुद्द गंगाबाईंचे शब्द असलेलें एखादें पत्र असल्यास त्याची नक्कल आम्हांस हवी आहे.