आज्ञांचा गठ्ठा आणि नवी खिडकी

संगणकाला एकापाठोपाठ अनेक कामे कशी सांगायची? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा आज्ञा भोके पाडलेल्या कार्डांवर असत. गठ्ठा क्रमाने लावून द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. त्याच सुमारास अमेरिकेत एमआयटीत लुई पूझाँ यांनी आज्ञांची यादी फाइलीत ठेवून चालवण्याची सोय केली. आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ‘शेल’ हे नावही त्यांनीच दिले.

केन थॉम्पसन यांच्या १९७१ च्या युनिक्स शेलमध्ये अर्धविराम देऊन एका ओळीत अनेक आज्ञा लिहिता येत. पण समजा, ‘नागपूर’ या फोल्डरमध्ये जाऊन तापमानाच्या जुन्या नोंदी पुसायच्या आहेत. फोल्डरचे नाव चुकले तरी अर्धविरामानंतरची आज्ञा चालतेच, आणि भलत्याच फाइली पुसल्या जातात! १९७९ च्या बॉर्न शेलमधील ‘&&’ हे चिन्ह पहिली आज्ञा यशस्वी झाली तरच दुसरी चालवते.

१९८४ मध्ये एमआयटीतच एक्स विंडो प्रणाली आली. पडद्यावर अनेक खिडक्या उघडू लागल्या. नव्या खिडकीला ‘अ; ब’ असे सांगितले, तर अर्धविराम जुन्या खिडकीतले शेलच वाचते. ‘अ’ नव्या खिडकीत चालते, ‘ब’ मात्र जुन्याच. म्हणून पूर्ण ओळ अवतरणचिन्हांत घालून नव्या शेलच्या हाती द्यावी लागते. काम संपताच खिडकीही मिटते. ती उघडी राहावी यासाठी शेवटची आज्ञा पुन्हा शेल सुरू करण्याची देतात.

कार्डे गेली, क्रम नेमका सांगण्याची जबाबदारी मात्र आजही माणसाचीच आहे.